तुम्ही विचारलंत म्हणून: फेरेटचे दात आणि आबांचा बाजार

आमच्याकडे फेरेट आहे कळलं की जळगावात पहिला प्रश्न ठरलेला, "हाई मुंगूस शे का?" नाही हो. मुंगूस पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि फेरेट म्हणजे युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी जनावरापासून माणसाने दोनेक हजार वर्षांपूर्वी माणसाळवलेलं जनावर, पाणमांजराच्या कुळातलं. पण ज्यांना स्वतःला घ्यायचंय त्यांचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो इतक्यांनी विचारलाय की आता एकदाच लिहून टाकते. दत्तक घ्यायच्या आधी वय कसं ओळखायचं, आणि आईबापाकडून काही दोष आलाय का ते कसं बघायचं?

तर आधी सांगते, तुम्ही फसलेल्या बाईला विचारताय. आमची शेव (अंग शेवेसारखं तांबूस पिवळं, डोकं पांढरंशुभ्र, म्हणून शेव) पुण्याहून आणली तेव्हा आधीच्या मालकाने "आठ महिन्यांची आहे, फार शांत आहे" म्हणून दिली. मीही खूश. शांत का होती ते पुढे येईलच.

वास्तविक मला तरी फसायला नको होतं. आमचे आबा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला जायचे, घ्यायचे कधीच नाहीत, नुसते बघायचे. बैल मात्र घ्यायचे. विकणारा वय सांगायला लागला की आबा त्याच्याकडे बघायचेच नाहीत, सरळ बैलाचा खालचा ओठ ओढून आत बघायचे. अदात (कायमचा दात अजून न आलेला), दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळला (सगळे दात आलेला). मला म्हणायचे, "पहिले दात दख, मंग पैसा काढ." आणि मी काय केलं, तर पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये बसून चहा पिला आणि पिंजरा उचलून आणला.

आता दातांचं. बैलाचे दात मोजत मोजत चार-साडेचार वर्षांपर्यंत वय सांगता येतं. फेरेटमध्ये हा सगळा कारभार अडीच-तीन महिन्यांत उरकतो. डोळे चार-पाच आठवड्यांनी उघडतात, सातव्या आठवड्याच्या आसपास कायमचे सुळे येतात, आणि मधले थोडे दिवस दुधाचा सुळा आणि नवा सुळा शेजारी शेजारी दिसतात. असं दिसलं तर पिल्लू दीड-दोन महिन्यांचं, यात फारशी चूक होत नाही. त्यानंतर मोजून काही उपयोग नाही, सगळे दात आलेले असतात.

मग बघायचा तो सुळ्याचा रंग. मानेवरची सैल कातडी धरून उचललं की फेरेट हमखास जांभई देतं, तेवढ्यात मोबाईलचा टॉर्च बाजूने मारायचा. वर्षाच्या आतलं असेल तर सुळा दुधासारखा पांढरा, आरपार काही दिसत नाही. वर्षानंतर टोकाला जरा काचेसारखी झाक यायला लागते. तीन-चार वर्षांत ती झाक खाली उतरते आणि पिवळेपणा येतो, म्हातारपणी अख्खा सुळा जुन्या खडीसाखरेच्या खड्यासारखा दिसतो. टोक झिजलंय का, कीट किती आहे, यावर फार जाऊ नका, कोरडं खाणं खाणारं आणि पिंजऱ्याच्या तारा चावणारं जनावर लवकर बोथटतं. म्हणजे अंदाज येतो, जन्मतारीख नाही.

शेवची जांभई मी घरी आणल्यावर चौथ्या दिवशी नीट बघितली. सुळे अर्ध्यापर्यंत काचेचे. डॉक्टर म्हणाले तीनच्या खाली नाही, चार असेल. फेरेट जगतं साधारण सहा ते आठ वर्षं, म्हणजे माझ्या "पिल्ला"चं अर्धं आयुष्य पुण्यातच संपलेलं.

आणि शांतपणाचं कारण, ती ठार बहिरी आहे. कपाळावर पांढरा पट्टा किंवा डोकं पूर्ण पांढरं असेल तर फेरेट जन्मतः बहिरं असायची शक्यता फार मोठी असते. फ्रान्समध्ये १५२ फेरेट तपासले होते त्यात ४४ बहिरे निघाले आणि पांढऱ्या पट्ट्या-डोक्याशी त्याचा थेट संबंध दिसला. जो गुण केसांचा रंग घालवतो तोच आतल्या कानातल्या रंगपेशी घालवतो, आणि तो आईबापाकडूनच येतो. लाल डोळ्यांचं पूर्ण पांढरं फेरेट मात्र वेगळं, त्याचा पांढरेपणा दुसऱ्या गुणाचा, त्यावरून कानाचं काही ठरत नाही. आबांना घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघून शुभ-अशुभ सांगणाऱ्यांचं हसू यायचं, पण इथे केसांवरची खूण खरंच काहीतरी सांगते.

बहिरेपण तपासताना एक चूक करू नका, मी केली. मागून पाय आपटला, शेवने लगेच वळून बघितलं, मी म्हटलं ऐकू येतंय की! तिला फरशीची थरथर कळली होती. जाड गोधडीवर ठेवा, तिला दिसणार नाही अशा बाजूला उभं राहून किल्ल्या वाजवा, टाळी लांबून, हवेचा झोत लागायला नको.

बाकीचे दोष लहानपणी बघून कळत नाहीत हे आधीच मान्य करा. शेपटीपासून केस विरळ व्हायला लागणं हे बऱ्याचदा अॅड्रिनल ग्रंथीच्या आजाराचं लक्षण, मागचे पाय लटपटणं आणि लाळ गळणं हे स्वादुपिंडाच्या गाठीचं, पण दोन्ही मध्यम वयात, तीनच्या पुढे दिसतात. त्यामुळे पिल्लापेक्षा त्याच्या आईबापाचं विचारा, जिवंत आहेत का, कशाने गेले. उत्तर नसेल तर "माहीत नाही" असंच धरून चाला, "निरोगी" असं नाही.

मादी असेल तर नसबंदी झालीय का हे पहिल्या दिवशी विचारायचं. गाय माजावर आली तर दिवसभरात उतरते, एकवीस दिवसांनी परत येते, आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. फेरेटच्या मादीला नर मिळाला नाही तर माज महिनोन्‌महिने उतरत नाही, रक्त तयार होणं बंद पडत जातं आणि जीवही जाऊ शकतो.

आणि हे वयाबिवयाच्या आधी, खान्देशात घेताय ना? फेरेटला तिशीच्या पुढचं तापमान झेपत नाही आणि आपलं भुसावळ मे महिन्यात पंचेचाळीस गाठतं. एसीची खोली आणि लाईट गेली तर इन्व्हर्टर, याचा हिशोब जमत नसेल तर दात बघायची वेळच येऊ देऊ नका. आमचं मे महिन्याचं बिल बघून यांनी विचारलं होतं की आपण केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर (थंड खोली) टाकलंय का.

शेवला उठवायचं असेल तर मी अजून पलंगाशेजारी फरशीवर दोनदा टाच आपटते. ती एक डोळा उघडते, जांभई देते, आणि मी सवयीने सुळे बघते.