कोल्हापूरचे गुऱ्हाळ बघायचे असेल, तर पाटी नव्हे, धूर शोधा

शनिवार-रविवारात मुलांना साखर आणि गूळ तयार होताना दाखवायचा, आणि त्याच फेरीत पन्हाळा व खिद्रापूर पाहायचे, असा बेत करून आम्ही जानेवारीत पुण्याहून निघालो. गळीत हंगाम चालू असताना कोणत्याही साखर कारखान्याच्या फाटकावर गेले की आत सोडतात, असे आम्हाला दोघा-तिघांनी छातीठोकपणे सांगितले होते. ते सर्वस्वी चुकीचे आहे. हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो, आवारात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, आणि उकळता रस व वाफेच्या नळ्या असलेल्या ठिकाणी लहान मुलांना घेऊन आलेल्या अनोळखी कुटुंबाला कोणीही शहाणा रखवालदार आत घेणार नाही. लेखी पूर्वपरवानगी लागते, आणि तीही बहुधा शाळा-महाविद्यालयांच्या गटांना मिळते, असे आम्हाला फाटकावर सांगण्यात आले. एका दूध प्रकल्पाच्या दारातही हेच उत्तर मिळाले. ज्यांना कारखानाच पाहायचा आहे त्यांनी आधी पत्रव्यवहार करावा. एरवी तो विचार सोडून द्यावा आणि थेट गुऱ्हाळ गाठावे.

गुऱ्हाळांतही दोन प्रकार आहेत, आणि हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. हमरस्त्यालगत रंगीत पाटी लावलेल्या एका ठिकाणी माणशी दोनशे रुपये प्रवेशशुल्क घेण्यात आले, मुलांनाही सवलत नव्हती. आत काहील (रस उकळण्याची मोठी कढई) होती, पण तिच्याखालचे चुलवाण, म्हणजे भट्टी, थंड होते. चरकातून चार उसांचा रस काढून दाखवला, बैलगाडीत बसवून छायाचित्रे काढली (त्याचे पैसे वेगळे), आणि शेवटी पिवळाधमक गूळ एकशे चाळीस रुपये किलोने पुढे केला. ‘आज आधण (काहिलीभर रस उकळून गूळ करण्याची एक खेप) नाही का?’ असे विचारल्यावर ‘मघाशीच उतरले’ असे उत्तर आले. पण मघाशी उतरलेल्या आधणाचे चुलवाण इतके गार नसते, एवढे कळायला गुळव्याच्या, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराच्या, घरी जन्मावे लागत नाही. त्या पिवळेपणाबद्दलही सांगितले पाहिजे. रस साफ करून नैसर्गिक रीतीने केलेला गूळ तांबूस ते गडद तपकिरी असतो. लख्ख पिवळा रंग बहुतेक वेळा हायड्रॉससारख्या रसायनाने आणलेला असतो. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु त्या नावाखाली बाहेरचा माल आणि साखर मिसळलेला मालही विकला जातो, ही तक्रार इथले शेतकरीच करतात. तेव्हा पाटी वाचून गूळ घेऊ नये. पैशांपेक्षा फुकट गेलेली दुपार मला अधिक लागली, हे मान्य करतो, आणि त्यामुळे माझी भाषा कडक झाली असेल. पण निष्कर्ष तोच राहतो.

खरे गुऱ्हाळ दुसऱ्या दिवशी पहाटे सापडले, तेही पन्हाळ्याच्या वाटेवर चहाच्या टपरीवर चौकशी केल्यावर. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत अशी गुऱ्हाळे आहेत. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च या काळात उसाच्या फडांमधून वर येणारा धूर पाहून गाडी वळवावी, आणि आत शिरण्यापूर्वी ‘पाहिले तर चालेल का?’ एवढे विचारावे. आमच्याकडून कोणी एक रुपया मागितला नाही. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात उन्हात वाळवलेली चिपाडे सारली जातात, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. पुढचा सगळा खेळ गुळव्याच्या नजरेचा असतो. पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का, हे तो पाहतो, आणि तो क्षण चुकला तर सबंध आधण बिघडते. एका आधणाला दोन-तीन तास लागतात, म्हणून पोहोचल्याबरोबर ‘काहील कधी उतरणार?’ हा प्रश्न विचारून त्या वेळी हजर राहणे, हीच या सहलीतली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. काहील उतरवून पाक वाफ्यात (गूळ निवण्याच्या उथळ हौदात) ओतला जातो, तेव्हा मुलांना चार हात लांब ठेवावे. कोमट गूळ आम्हाला उसाच्या कांडीवर गुंडाळून मिळाला. एक टन उसापासून गूळ साधारण शंभर किलोच निघतो, हे ऐकून माझ्या मुलीने पुढे मागितलेला तुकडा स्वतःहून लहान केला.

पन्हाळ्यावर गेलात तर वेळ तीन दरवाजा आणि अंबारखान्याला द्या. अंबारखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठारांपैकी गंगा कोठारात पंचवीस हजार खंडी (धान्याचे जुने माप) धान्य मावत असे, असे सांगतात. सिद्दी जौहरच्या वेढ्यात 1660 साली गड महिनोन्‌महिने कसा तगला आणि जुलैच्या पावसात शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघेपर्यंत शिबंदी कशावर जगली, हे या इमारतीत उभे राहिल्याशिवाय कळत नाही. 2025 पासून गड जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे रविवारी वाहनतळ सकाळी दहालाच भरतो. शहरातला नवा राजवाडा आणि रंकाळा तलाव आम्ही पाहिला, छान होता.

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर हे मात्र चुकवू नका. शिलाहारांच्या काळातले हे काम, अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप आणि वर आकाशाकडे उघडा ठेवलेला गोल झरोका पाहून शनिवारचा सगळा राग उतरला, त्यामुळे माझ्या स्तुतीतही थोडी वजावट करावी. अडचण मंदिराची नाही, वाटेची आहे. कुरुंदवाड सोडल्यावर रस्ता अरुंद होतो आणि हंगामात त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर चालतात. भरलेली ट्रॉली रस्त्याचा दोन तृतीयांश भाग व्यापते, मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी असली तरी चिखलाने झाकलेली असते, आणि सायंकाळी समोरून येणाऱ्या दिव्यांत मागून ती दिसतच नाही. आम्ही परतताना अंधार पडला होता, आणि सैनिक टाकळीपासून कुरुंदवाडपर्यंतचे अंतर मी दुसऱ्या गिअरवर काटले. ज्याला हायवेवर शंभराच्या वेगाची सवय आहे त्याने हा रस्ता अंधारात अजिबात करू नये. दुपारी दोनच्या आत मंदिरात पोहोचावे आणि साडेचारला निघावे. सूर्यास्ताचे छायाचित्र हवे असल्यास मुक्काम नृसिंहवाडीत करावा.

नृसिंहवाडी वाटेवरच आहे. तिथली बासुंदी जागेवरच खावी, कारण पुण्यापर्यंत ती टिकणार नाही. घरी न्यायला कंदी पेढे आणि कवठाची बर्फी घ्यावी, आणि दत्तमंदिराच्या वाटेवरच्या पहिल्याच दुकानात थांबू नये, दोन-चार ठिकाणी चव घेऊन मगच वजन करायला सांगावे.