आरसा वर गेला तेव्हा

नेत्यांच्या ताफ्याचे फोटो बहुतेक सारखेच. उघडी गाडी, हलणारा हात, बाजूला मोटारसायकली. आज पहिल्या पानावर, उद्या रद्दीत. २२ नोव्हेंबर १९६३ ला अमेरिकेतल्या डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या नसत्या, तर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या जेम्स ऑल्टजेन्सने काढलेला फोटोही त्याच वाटेने गेला असता.

त्याला उभं राहायचं होतं समोरच्या रेल्वे पुलावर. तिथे पोलिसाने हटकलं, रेल्वेची खाजगी जागा आहे म्हणून. मग कोपऱ्यावर ताफ्याचे दोन-चार फोटो घेऊन, डीली प्लाझा या चौकातलं गवत तुडवत तो एल्म स्ट्रीटच्या कडेला पोचला. हातात निकोरेक्स एफ कॅमेरा, १०५ मिमीची लेन्स, ट्राय-एक्सचा कृष्णधवल रोल. ४०० एएसएचा, म्हणजे उजेडाला चटकन दाद देणारा हा रोल भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं लहान ठेवूनही सेकंदाचा १/१००० भागसुद्धा पेलतो. गाडी ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला पाच मीटर, आणि तीही समोरून येणारी. फोटो हलायची भीती फारशी नाही. घोळ होतो फोकसमध्ये. या लेन्सने १८ मीटरवर फोकस धरला, तर एफ/११ ला साधारण १२ ते ४० मीटरपर्यंतचं रेखीव येतं. त्यामागचं सगळं मऊ, पिठूळ. हे मऊपण पुढे बरंच महागात पडलं.

फोटोत केनेडींचा चेहरा धड दिसतच नाही. विंडशील्डच्या काचेतून दिसते ती गळ्याशी आलेली मूठ आणि त्यांच्या डाव्या हातावर जॅकलीनचा पांढरा हातमोजा. पण नजर तिथून काढून मागे न्यावी. मागच्या गाडीच्या पायऱ्यांवर अंगरक्षक उभे आहेत. गाडीच्या उजव्या बाजूच्या दोघांनी माना मागे, गोळ्या जिथून आल्या त्या पुस्तकांच्या गोदामाकडे वळवल्यात. डाव्या बाजूचा क्लिंट हिल मात्र राष्ट्राध्यक्षांकडे बघतोय. त्याहून मागे, उपराष्ट्राध्यक्षांच्या रक्षकांच्या गाडीचं दार उघडलेलं. आणि रस्त्याकडेची माणसं अजून मिरवणूकच बघताहेत. गोळीबार साडेबाराचा. घड्याळ एकच, पण फोटोतल्या कुणाचे साडेबारा वाजून गेलेत, कुणाचे अजून वाजायचेत.

फोटो तासाभरात तारेवर चढला. तारेवर म्हणजे प्रिंट फिरत्या नळकांड्यावर गुंडाळायची, प्रकाशाचा ठिपका तिच्यावरून रेघ-रेघ सरकणार, उजेड-काळोखाचे विजेतले चढउतार टेलिफोनच्या तारेतून जाणार आणि दुसऱ्या टोकाला तशाच रेघा उमटणार. गाडी, टोप्या, मोटारसायकली यातून निभावतात. मागच्या गोदामाच्या दारात उभा असलेला माणूस निभावला नाही. मुळातच फोकसबाहेर, त्यात रेघांनी चाळलेला. उरले चार करडे ठिपके. त्या ठिपक्यांत लोकांना चक्क ऑस्वाल्ड दिसू लागला, गोदामातला कर्मचारी आणि खुनाचा आरोपी! तो दारात असेल, तर गोळ्या झाडणारा तो नव्हेच. खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाला त्यात लक्ष घालावं लागलं. निघाला तिथलाच दुसरा कर्मचारी. आयोगाचं म्हणणं न पटणारे अजूनही भिंग घेऊन बसतात, पण रोलवर जे उतरलंच नाही ते भिंगाने कुठून येणार?

आणखी एक गोष्ट विसरली जाते. अशा कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडर क्षणभर काळा होतो. म्हणजे जी घडी फिल्मवर उमटते, नेमकी तीच टिपणाऱ्याला दिसत नाही. बघ्यांपैकी झाप्रूडरने घरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रफितीशी ताडून पाहिलं तर हा फोटो २५५व्या फ्रेमशी जुळतो. डोक्यात गोळी लागते ती ३१३व्या. चित्रफीत सेकंदाला १८.३ फ्रेमची, म्हणजे मधे तीन सेकंद आणि वर थोडंसं. तेवढ्यात खटका ओढून फिल्म पुढे घ्यायची आणि फोकस जवळ आणायचा. ऑल्टजेन्सने तो १५ फुटांवर लावूनही ठेवला होता. गाडी समोर आली, आरसा खालीच होता, सगळं लख्ख दिसत होतं, आणि बोट हललं नाही.

रोलवरची पुढची फ्रेम क्लिंट हिल डिकीवर चढल्याची. दोन्हींमध्ये दोन मिलिमीटरची कोरी पट्टी.