कानबाईचा रोट आणि लाल बटण

गुरुवार, रात्री साडेदहा

आज दिवसभर गाणं ऐकलं. एकच, आणि तेही फोनवर.

मिक्सर मंगळवारी, ऐन नागपंचमीला गेला. आधी जळल्यासारखा वास, मग खालून दोन ठिणग्या, मग काहीच नाही. घेऊन चौदा महिने झालेत. वॉरंटी दोन वर्षांची, मोटरची पाच. बिल आहे, खोकंसुद्धा माळ्यावर जपून ठेवलंय. (आमच्याकडे वस्तूपेक्षा खोकं जास्त टिकतं.) म्हणून मोठ्या तोऱ्यात कंपनीच्या नंबरावर फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा. दाबलं, तर हिंदीत बोलायला लागले. मग संतूरसारखं काहीतरी वाजायला लागलं. पाचसहा सेकंदांचा तुकडा, संपला की पुन्हा तोच, आणि दर दोन मिनिटांनी एक बाई गोड आवाजात सांगते की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

बावीस मिनिटं. फोन स्पीकरवर ठेवून मेथी निवडली, डाळीतले खडे काढले, एका वर्गाच्या वह्या तपासल्या. शेवटी एक मुलगा आला लाइनवर. म्हणाला, मॅम, मिक्सर उलटा करा, खाली लाल बटण आहे, ते दाबा. मी म्हटलं, दादा, ते मंगळवारपासून दाबतेय, सासूबाईंनीही (आमच्याकडे त्यांना आत्याबाई म्हणतात) दाबून पाहिलं. तो म्हणाला, पुन्हा एकदा दाबा. दाबलं. मग त्याने पिनकोड विचारला. 425401. थोडी शांतता, आणि मग, "मॅम, आपका एरिया सर्व्हिसेबल नहीं है." मिक्सर जळगावला आणून द्या, आठ ते दहा दिवस लागतील.

2024 च्या फेब्रुवारीत याच अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन झालं. कुठून कुठून माणसं आली, पिनकोड कुणाला आडवा आला नाही. एका मेकॅनिकला मात्र यायला वाट सापडत नाही.

आणि रविवारी कानबाई, आमच्या खान्देशातला देवीचा सण.

शनिवार

सुरतेची मंडळी दुपारच्या गाडीने आली. दीर, जाऊबाई, तीन पोरं, आणि दरवर्षीप्रमाणे सुतरफेणीचा डबा. घर भरलं. भावकीतले पुरुष मोजून आत्याबाईंनी रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू काढले. आमच्याकडे प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. यंदा मोठ्या पुतण्याला मुलगा झाला, तो अडीच महिन्यांचा, पण सव्वा मूठ त्याचीही. मोजमापात आम्ही बायका नाही. दळणात, पुरणात, खापरावर मात्र आम्हीच. हे मी दरवर्षी मनात म्हणते, यंदा जाऊबाईंजवळ मोठ्याने म्हटलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आधी तुमचा मिक्सर सुरू होतो का ते बघा.

त्या चिडीत 1915 ला फोन केला, ग्राहक हेल्पलाइनला. तिथल्या बाई खरंच मराठीत बोलल्या. सगळं लिहून घेतलं, तक्रारीचा क्रमांक दिला, कंपनीकडे पाठवतो म्हणाल्या. एवढं कुणी नीट ऐकून घेतलं म्हटल्यावर निम्मा राग तिथंच गेला.

दर 24 डिसेंबरला शाळेत ग्राहक दिन असतो. 1986 चा कायदा त्या तारखेचा, आता त्याच्या जागी 2019 चा आलाय. पोरांकडून ग्राहकाचे सहा हक्क मीच पाठ करून घेते. सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा, म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा... सातवीतली एक मुलगी दरवर्षीच्या भाषणात तिथंच अडखळते. "म्हणणं ऐकण्याचा हक्क" म्हणते. मी दुरुस्त करायचे. गुरुवारची बावीस मिनिटं आठवली तर पोरगीच बरोबर आहे. ऐकण्याचा हक्क मला पुरेपूर मिळाला.

कुणी म्हणेल, जिल्हा ग्राहक आयोगात जा. जाता येतं. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार टाकायची, आता ऑनलाइनही टाकता येते. सगळं मला तोंडपाठ. पण साडेतीन हजारांच्या मिक्सरसाठी कागद जुळवायचे, तारखा सांभाळायच्या, रजा टाकायची. कायदा आपल्या बाजूने आहे, वेळ नाही.

रविवारची रात्र, पहाटे कधीतरी

पाटा धुतला. अंगणात उपडा पडला होता, त्याच्यावर पोरं क्रिकेटचे स्टंप टेकवायची. छिन्नीने टाकी लावून किती वर्षं झाली असतील देव जाणे, पार गुळगुळीत. आत्याबाईंनी परवाच सांगून टाकलं होतं, "त्या लाल बटनले हात जोड आते, आनी पाटा धू."

पुरण वाटायला आम्ही तिघी. डाळ गरम असतानाच वाटावी लागते, गार झाली की वरवंट्याला ऐकत नाही. पहिल्या दोन घाण्यांत माझे खांदे भरून आले. तिसऱ्याला मात्र हात लागला. वरवंटा पुढे नेताना अंगाचा भार टाकायचा, मागे आणताना नुसता ओढायचा, कडेला आलेलं बोटाने आत लोटायचं. आत्याबाई कट्ट्यावरून बघत होत्या. त्यांनी बसल्या बसल्या कानबाईचं गाणं सुरू केलं, आणि माझ्या लक्षात आलं की त्या गाण्याची चाल वरवंट्याच्याच वेगाची आहे. मिक्सरच्या घरघरीत ते कधी कळायचं कारणच नव्हतं. पुरण मऊ झालं, हे खरं. पण म्हणून मिक्सर नको असं कुणी माझ्या नावावर खपवू नये. मला मिक्सर हवाय.

आता नारळाला नथ, डोळे, मंगळसूत्र सगळं लावून कानबाई चौरंगावर बसली आहे. केळीचे खांब, समया. रात्रभर गाणी आणि फुगड्या झाल्या. जाऊबाईंचा आवाज पूर्ण बसलाय. डोळे मिटतायत, पण दिव्यात तेल घालायला मी जागी.

सोमवार

आज सविस्तर लिहिणार, कारण आज मजा आली. भांडण झालं, ते धरून.

बँड ह्यांनी ठरवला होता. पंधरा माणसं, गाडी, कॅसिओ, ऑक्टोपॅड, एक गाणारा. तीन तासांचे पंधरा हजार, त्यातले पाच इसार म्हणून आधीच दिलेले. खान्देशात लग्न असो, कानबाई असो, माणूस आधी बँड कुठला ते विचारतो, जेवण नंतर. आमच्या दिरांना तर सुरतेत राहून बँडचीच भूक लागते. ते म्हणतात तिकडे सगळं मिळतं, पण बँडपुढे नाचताना अंगात येतं ते इथंच.

सकाळी नऊला गाडी लागली. ह्यांनी पहिलं काम केलं ते डोकी मोजायचं. अकरा.

बियाण्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला मोजण्याची सवय असते. बँडमालक म्हणाला, "भाऊ, चार जण आजारी पडनात. मी काय खोटं बोली ऱ्हायनू का?" हे म्हणाले, चौघंही एकाच दिवशी? मालक म्हणाला, व्हायरल आहे. मागून पुतण्या ओरडला की यांची दुसरी पार्टी आत्ता गांधलीपुऱ्यात वाजतेय, मी बघून आलो. गल्ली जमली. कुणी आमच्या बाजूने, कुणी मालकाच्या. शेजारचे तात्या दोन्ही बाजूंनी. कानबाई चौरंगावर तयार, आत्याबाई दारात कपाळाला हात लावून. शेवटी ठरलं की दोन हजार कमी, आणि नदीवरून परत येतानाही वाजवायचं, फुकट. दहा मिनिटांत निकाल. तक्रार क्रमांक नाही, लाल बटण नाही. मालक वरून हसत ह्यांच्या खांद्यावर हात टाकून तंबाखू मळायला लागला.

खोटं त्याने बोललंच होतं, ते मी माफ वगैरे केलेलं नाही. पण तो समोर उभा होता. हे सुद्धा असेच उभे असतात. दरवर्षी जूनमध्ये कुणी ना कुणी दुकानात येतं, कापसाचं बी उगवलं नाही म्हणून. बी कंपनीचं, पिशवी सीलबंद, तरी शिव्या ह्यांना. कधी पाऊस ताणलेला असतो, कधी खरंच बी खराब असतं. हे ऐकून घेतात, चहा मागवतात, कंपनीच्या माणसाला फोन लावतात. रात्री जेवताना बोलत नाहीत. त्या फोनवरच्या मुलाचंही असंच असेल का, असं एकदा मनात आलं. पण त्याला चहा मागवता येत नाही.

असो. मिरवणूक निघाली. गाणाऱ्याचा आवाज बरा, कॅसिओवाला फारच उत्साही. सगळी गाणी एकाच ठेक्यात. कानबाई डोक्यावर घेतलेली जाऊबाई त्या ठेक्यावर डुलत होत्या. पोरं नाचत होती, दीर तर भान हरपून. मला मात्र छातीत धडधड होत होती, भक्तीने नव्हे, स्पीकरने.

बाजाराच्या चौकात पावसाची सर आली. श्रावणातली, ऊन असताना येते तशी. ताडपत्री ओढेपर्यंत जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. कॅसिओ गप्प. माईक गप्प. गाणाऱ्याचे ओठ हलत होते, आवाज नाही. एक क्षण सगळे तसेच उभे, पाय हवेत असल्यासारखे.

आणि मागून क्लॅरोनेट आलं.

साठीच्या आसपासचा माणूस, बँडचा कोट त्याला दोन मापं मोठा. सकाळपासून तो वाजवतच असणार, पण स्पीकरपुढे ऐकू कुठून येणार? त्याने क्लॅरोनेटच्या तोंडाची पट्टी (रीड) काढली, अंगठ्याने पुसली, जिभेवर ओली केली, परत बसवली, आणि कानबाईची जुनी चाल धरली. ती आत्याबाईंची, पाट्यावरची. संथ. ढोलवाल्याने ओळखली, त्याने टिपरू हळू केलं. एका ट्रम्पेटवाल्याने ट्रम्पेटातलं पाणी झटकलं आणि तोही खालच्या सुरात मिसळला. मग बायका गायला लागल्या. रात्रभर गाऊन घसे बसलेले, त्यामुळे आवाज जाडसर आणि खरखरीत, पण पन्नास जणींचा. माईक असता तर आम्ही गायलोच नसतो. माईक असला की गाणं त्याचं असतं.

आम्ही दोघं जानेवारीत जमेल तेव्हा जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सवाला जातो. तिथं मोठमोठे लोक ऐकलेत, शांत बसून, शाल पांघरून. ते निराळं. इथं साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, पायात चिखल, शेजारी कुणाचं तरी पोर रडतंय, आणि तरी अंगावर काटा. बोरी नदीपर्यंत आम्ही तसेच गात गेलो. जनरेटर मध्येच सुरू झाला होता म्हणे. मालकाने सांगूनही आत्याबाईंनी कॅसिओ लावू दिला नाही.

परत येताना लावला. दिरांना आवरता आलं नाही.

बुधवार

सुरतेची मंडळी काल रात्री गेली. रोटाचं पीठ अजून शिल्लक आहे, ते भावकीबाहेर द्यायचं नाही आणि टाकायचंही नाही. तिन्ही त्रिकाळ तेच.

सकाळी मोबाइलवर मेसेज: आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे, कृपया 5 पैकी गुण द्या. मिक्सर ओट्यावर जसाच्या तसा. फोन केला. संतूर. मग दुसरा एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे क्लोज दाखवतंय मॅम, नवीन तक्रार टाकू का?

संध्याकाळी दाराची कडी वाजली. तो क्लॅरोनेटवाला, साध्या शर्टात, आधी ओळखलंच नाही. सोमवारी पाऊस लागला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशातली पट्ट्यांची छोटी डबी ह्यांनी कोरडी राहावी म्हणून घेतली होती, ती आमच्याकडेच राहिली. मी डबी दिली, बसा म्हटलं. बसता बसता त्याची नजर ओट्यावर गेली.

"मिक्सर बिघडना का?"

सीझन नसतो तेव्हा तो बाजारात पंखे-मोटरी दुरुस्त करतो, वाइंडिंगसुद्धा. मिक्सर उचलला, उलटा केला, नाकाजवळ नेला, वास घेतला. "कार्बन शे, दुसरं काही नही. पाच मिनिटनं काम." कार्बनची, म्हणजे मोटरमधल्या झिजणाऱ्या ब्रशांची, जोडी शंभराच्या आत मिळते, दुकान उघडं असेल अजून.

मी मिक्सर पुन्हा बघितला. तळाच्या एका स्क्रूवर पांढरं गोल स्टिकर आहे. सील तुटल्यास वॉरंटी रद्द. दहा महिने शिल्लक आहेत वॉरंटीचे. मोटरची तर तीन वर्षं दहा महिने.

त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्याकडे बघत थांबला. आतून आत्याबाई म्हणाल्या, विचार काय करतेस?

मी म्हटलं, बाबा, आधी चहा घ्या.