ग्योटिंगेनला शिकायला येताय? आधी खोलीचं बघा

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उन्हाळा लागला की सुरू होतं, ताई अ‍ॅडमिशन झालंय ग्योटिंगेनला, कुकर आणू का, थर्मल किती घेऊ, मसाले कस्टमवाले काढून घेतात का. कुकर आणा, थर्मल इथेच घ्या, मसाल्यांना कोणी हात लावत नाही. झालं. पण राहणार कुठे हे विचारणारा शंभरात एखादा, आणि सगळी गंमत तिथेच आहे, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते म्हणजे परत परत टाईप करायला नको.

मी मूळची साताऱ्याची, बीएस्सी पुण्यात केलं आणि २०२५ च्या विंटर सेमेस्टरला इथे मास्टर्सला आले. ग्योटिंगेन जर्मनीच्या साधारण मधोमध, नीडरझाक्सन राज्यात. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आतबाहेर, म्हणजे आकाराने आपला साताराच म्हणा ना, फक्त त्यात वीस हजारांवर नुसते स्टुडंट. युनिव्हर्सिटी १७३७ पासूनची. जुन्या गावात फिरताना घराघरांवर पांढऱ्या पाट्या दिसतात, इथे अमुक राहायचे इथे तमुक राहायचे, गणितातले गाऊस काय, हिल्बर्ट काय, फिजिक्सचे माक्स बॉर्न काय. आपल्याकडचंही कनेक्शन आहे बरं का, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे कीलहॉर्न १८८० च्या दशकात इथे प्रोफेसर म्हणून आले, आणि रा. गो. भांडारकरांना १८८५ साली याच युनिव्हर्सिटीने पीएचडी दिली. कीलहॉर्न साहेबांनी खोली कशी शोधली असेल देव जाणे.

कारण खोलीचं गणित असं आहे. या गावाचं वर्ष जानेवारीला सुरू होत नाही, ते ऑक्टोबरला सुरू होतं. विंटर सेमेस्टर १ ऑक्टोबरपासून, लेक्चर्स महिन्याच्या उत्तरार्धात, त्यामुळे हजारो पोरं एकाच वेळी, सप्टेंबर ते ऑक्टोबर अखेर, त्याच त्या खोल्यांच्या मागे. मोठ्या शहरात निदान लांबच्या उपनगरात तरी काहीतरी मिळतं, इथे उपनगर म्हणजे पाच किलोमीटरवरचं खेडं, आणि तिथून संध्याकाळनंतर बस बघून घ्यायची. तेच नोव्हेंबरच्या शेवटी किंवा मार्चमध्ये बघा, माणसं निवांत बोलतात, जाहिराती चार चार दिवस तशाच पडून असतात. आपला व्हिसा मात्र नेमका ऐन गर्दीतच उतरवतो आपल्याला, त्याला इलाज नाही, म्हणून तयारी तिकडूनच करायची.

पहिली गोष्ट होस्टेल. अ‍ॅडमिशन लेटर हातात पडलं त्याच दिवशी श्टुडीरेन्डनवेर्कच्या (स्टुडंटची होस्टेलं, कँटीन बघणारी संस्था) होस्टेलला अर्ज टाका, एपीएस (मार्कशीट तपासून मिळणारं सर्टिफिकेट), व्हिसा वगैरे होऊ दे मग बघू असं करू नका. वेटिंग लिस्ट मोठी असते आणि पहिल्या सेमेस्टरला नंबर लागेलच असं धरून चालायचं नाही, पण लिस्टवर नाव असलं की दुसऱ्या सेमेस्टरला तरी उपयोग होतो. माझा पहिल्या फटक्यात नाही लागला.

मग राहतं वेगे. वेगे म्हणजे तीन-चार जण मिळून घेतलेला फ्लॅट, प्रत्येकाला स्वतंत्र खोली, किचन बाथरूम कॉमन. इथे बहुतेक स्टुडंट असेच राहतात. यात घरमालकाला पटवायचं नसतं, आधीपासून राहणाऱ्या पोरांना पटवायचं असतं, आणि त्यासाठी रीतसर इंटरव्ह्यू होतो ज्याला सगळे कास्टिंग म्हणतात. माझा पहिला व्हिडिओ कॉलवर झाला, मी साताऱ्यात आमच्या मागच्या खोलीत, तिकडे किचन टेबलाभोवती तिघं चहाचे मग घेऊन. मला वाटलं पगार, स्पॉन्सर, बँक बॅलन्स विचारतील. त्यांनी विचारलं, तुला संध्याकाळी एकत्र बसायला आवडतं का? स्वयंपाक किती वेळा करतेस? बाथरूम साफ करायची पाळी चुकली तर तू काय करशील? आई मागून पदराने हात पुसत म्हणाली, "अगं स्थळ बघताहेत का तुझ्यासाठी?" तिथे नाही झालं. पुढच्या काहींमध्येही नाही झालं. पण एक कळलं की हुशार, टॉपर, रँक याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, त्यांना फक्त अशी नको असते जी खोलीचं दार लावून घेते आणि भांडी सिंकमध्ये ठेवते. मी नंतर सरळ सांगायला लागले की मी रात्री दहाला झोपते, पार्टीला अधूनमधून येईन, पोहे महिन्यातून दोनदा सगळ्यांना. पोह्यांनी काम केलं असं माझं ठाम मत आहे.

मेसेज पाठवताना नुसतं हाय आय अ‍ॅम इंटरेस्टेड असं पाठवलं तर कोणी उघडतही नाही. जाहिरात पूर्ण वाचा, त्यातल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख करा (कधीकधी मुद्दाम मध्येच एखादा शब्द टाकलेला असतो, तो मेसेजमध्ये लिहा म्हणजे वाचलंय हे कळेल), आणि जर्मन मोडकंतोडकं असलं तरी जर्मनमध्येच लिहा. पुण्यात मॅक्सम्युलर भवनला ए टू लेव्हलपर्यंत केलेलं तेवढं पुरतं. इंग्लिशवर हे गाव चालतं का तर लॅबमध्ये चालतं, बेकरीत नाही.

फ्रॉडबद्दल एकच सांगते. मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरियरने येईल, असं कोणी म्हणालं की चॅट बंद करा. फोटो फारच सुंदर आणि भाडं फारच कमी असतं त्यात. खोली तुम्ही किंवा ओळखीच्या कोणीतरी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक युरोसुद्धा नाही. आपली मराठी पोरं आहेत इथे, विचारा, कोणी ना कोणी सायकल काढून जाऊन बघून येतं.

मला शेवटी मिळाली ती त्स्विशनमीटे, म्हणजे एक मुलगी इंटर्नशिपला दुसऱ्या शहरात गेली तेवढ्या काळापुरती तिची खोली. हा प्रकार नव्या माणसाला एकदम बेस्ट, कारण फर्निचर तिचंच असतं आणि गावात येऊन पुढची खोली शांतपणे शोधता येते. पण हो म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारायचाच: या पत्त्यावर आनमेल्डुंग होईल का? काही जण म्हणतात राहा पण रजिस्ट्रेशन नको. तिथे जाऊ नका, कितीही स्वस्त असू दे.

का ते सांगते. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता सरकारदरबारी नोंदवायचा असतो, तीच आनमेल्डुंग. त्याला घर देणाऱ्याच्या सहीचा फॉर्म लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, पाठ करायची गरज नाही, प्रिंट घेऊन जा आणि सही मागा. नोंदणीचा कागद हातात आला की मग पुढची गाडी हलते. बँक तो मागते. बँकेचं खातं झालं की ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवतो ते खातं) पैसे दर महिन्याला त्यात येतात. टॅक्स आयडी नोंदणीनंतर काही आठवड्यांनी पोस्टाने आपोआप येतो, आणि पार्ट टाइम जॉब धरला की तो लागतो. रेसिडेन्स परमिटच्या अर्जालाही पत्ता हवाच. आमच्या ग्रुपमधला एक सीनिअर दादा सगळ्यांना एकच सांगायचा, "आधी दार, मग कागद." ते शब्दशः खरं आहे.

आणि दारावरून आठवलं, लेटरबॉक्सवर आणि बेलवर तुमचं नाव चिकटवा, पहिल्या दिवशी, सेलोटेपने का होईना. इथे फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव बघतो, नाव नसलं की पत्र परत. आणि या देशात सगळं पत्राने येतं, कार्ड वेगळ्या पाकिटात, पिन वेगळ्या पाकिटात, इन्शुरन्सचं कार्ड आणखी वेगळं. ओळखीतल्या एकाचा पिन दोनदा परत गेला, बिचारा महिनाभर मित्रांकडून कॅश घेऊन फिरत होता. आडनाव पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, वडिलांचं नाव मध्ये आलं तर घोळ होतो.

पैशांचं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ सुटतात. घरचे म्हणतात झालं की मग, भरपूर आहेत. पण पहिल्या महिन्यात भाडं अधिक डिपॉझिट एकदम येतं, आणि डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत घेता येतं (काल्ट म्हणजे हीटिंग वगैरे सोडून नुसतं भाडं, वार्म म्हणजे ते धरून). माझ्या ओळखीतल्यांच्या खोल्या साडेतीनशे ते साडेचारशेच्या दरम्यान आहेत, त्यावरून हिशोब करा. ब्लॉक्ड अकाउंट सुरू व्हायलाही वेळ जातो, म्हणून वेगळे दीड-दोन हजार युरो फॉरेक्स कार्डवर ठेवाच. डिपॉझिट तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला असतो हे फार जणांना माहीत नसतं, विचारायला लाजू नका. हेल्थ इन्शुरन्स तिशीच्या आतल्या स्टुडंटला सरकारी पद्धतीचा घेतला तर महिन्याला १४० ते १५० युरो. युनिव्हर्सिटीला ट्यूशन फी नाही, पण सेमेस्टरचं कॉन्ट्रिब्युशन असतं.

घरात टीव्ही नसला, रेडिओ नसला तरी रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येणार, महिन्याला १८.३६ युरो. घाबरू नका आणि फेकूनही देऊ नका. ते माणशी नसून घरटी असतं, त्यामुळे वेगेत कोणी एक भरत असेल तर त्याच्या फीच्या खात्याचा नंबर घेऊन कळवायचं, बस.

व्हिसा तिकडून थोड्या महिन्यांचाच लागतो, मग इथे रेसिडेन्स परमिट काढायचं. अपॉइंटमेंट मिळायला जर्मनीत सगळीकडेच वेळ लागतो, म्हणून व्हिसा संपायची वाट न बघता आनमेल्डुंग झाल्या झाल्या अर्ज टाका. मुदतीत अर्ज गेला असेल तर निर्णय होईपर्यंतचा कागद मिळतो. तोपर्यंत दिवाळीला घरी जायचं तिकीट काढू नका, निदान विचारल्याशिवाय तरी.

आता राहण्याचं. सेकंडहँड सायकल घ्या, गाव छोटं आहे, नॉर्थ कॅम्पसचा चढ सोडला तर पाय दुखत नाहीत. पुढचा मागचा दिवा चालू हवा, नाहीतर २० युरो दंड, आणि डिसेंबरात सव्वाचारला अंधार पडतो म्हणून दिवा लागतोच. रविवारी दुकानं बंद, म्हणजे खरंच बंद, दूध शनिवारीच आणा, अगदीच अडलं तर स्टेशनवर काहीतरी मिळतं. प्लास्टिकच्या बाटल्या टाकू नका, बहुतेकींचे २५ सेंट परत मिळतात. फ्लॅटचं दार आपोआप लॉक होतं, कचरा टाकायला जातानासुद्धा चावी खिशात, रात्री चावीवाला बोलवायची वेळ आली तर त्या पैशांत महिन्याचं राशन येतं. दुपारी मेन्सात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, जेवा, स्टुडंटला तीन-चार युरोंत ताट होतं आणि व्हेज असतंच.

फोडणी. हा खरं तर वेगळा लेख आहे. बेडरूमच्या छताला स्मोक अलार्म कायद्यानेच असतो, त्यामुळे एका खोलीचं अपार्टमेंट घेतलंत तर मोहरी तडतडायच्या आधी खिडकी सताड उघडायची, थंडी असली तरी. तसंही इथे दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं खिडक्या पूर्ण उघडायची शिस्त आहे, नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि ती डिपॉझिटमधून कापतात. आमच्या वेगेत आधी हिंगावरून नाकं मुरडली गेली, आता त्यातलीच एक वरणात तूप जास्त घाल म्हणते.

शुक्रवारी दुपारनंतर गाव रिकामं होतं, जर्मन पोरं बॅगा घेऊन घरी जातात, आणि पहिले काही वीकेंड जड जातात हे आधीच सांगून ठेवते. मी तेव्हा जुन्या तटबंदीवरून चक्कर मारायचे, गावाला वेढा घालणारा झाडांचा रस्ता आहे, तासाभरात फिरून होतो. मार्केटच्या चौकात गेन्झेलीझेलचा पुतळा आहे, हंसवाली मुलगी, कारंज्यावर. पीएचडी झालेला माणूस सजवलेल्या हातगाडीत बसून येतो, मित्र गाडी ओढत असतात, मग तो वर चढून तिला फुलं देतो आणि पापी घेतो, सगळा चौक टाळ्या वाजवतो. एकटं वाटत असेल तर तिथे बेंचवर बसा, कोणीतरी पास झालेलं असतंच.

आणि हो, आमच्या वेगेतली एक खोली मार्चअखेर रिकामी होतेय, आनमेल्डुंग होते, भाडं वार्म, वॉशिंग मशीन आहे. कास्टिंगला आता मीही टेबलाच्या या बाजूला बसणार. मेसेज मराठीत नको, बाकीच्या दोघी जर्मन आहेत आणि त्यांनाही वाचायचा असतो.