टपावरची कनू

कॅनडातल्या अल्गोंक्विन पार्कमधल्या कॅनू लेकवर कनू, म्हणजे वल्ह्यानं चालवायची निमुळती होडी, भाड्यानं मिळते. पण ऑफिसातल्या मित्रानं स्वतःची फुकट देऊ केली, आणि फुकट ते पौष्टिक! म्हणून टोरांटोहून अल्गोंक्विन पार्कपर्यंत ती आमच्या कोरोलाच्या टपावर गेली. 16 फुटी, केव्हलार या हलक्या, मजबूत धाग्याची, वजन जेमतेम 20 किलो. टपावर पालथी घातल्यावर गाडीलाच टोपी घातल्यासारखं दिसत होतं.

गाडीला रॅक नाही. कनूच्या कडांना फोमचे चार ठोकळे, आणि दोन पट्टे दारांतून आत घेऊन आवळलेले. लहानपणी ट्रॅक्सच्या टपावर गाद्या बांधताना पाहिलेलं, त्यामुळे मी जोर लावून आवळायला लागलो. मित्र ओरडला, "अरे, चेपेल ती!" कनू हलू नये इतपतच ताण हवा. खरा धोका वेगळाच. वेगात वारा कनूच्या नाकाखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, शिरतो आणि तिला उचलायला बघतो. आडवे पट्टे त्याला पुरत नाहीत. म्हणून बॉनेटखालच्या बोल्टांत पट्ट्याचे दोन फासे अडकवले, बॉनेट बंद केलं आणि त्यांतून नाकाला दोन दोर बांधले, उलट्या व्हीसारखे. मागेही तसेच. पुढचे दोर सैल पडले की समोरच दिसतं, हा फायदा.

हायवे 400 वर नव्वदच्या आसपास गेलो आणि भोंगा सुरू झाला. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो, त्याचा आवाज. थांबून प्रत्येक पट्ट्याला एक पीळ दिला, गप्प. हे कुणी आधी सांगितलं असतं तर अर्धा तास डोकं उठलं नसतं. हंट्सव्हिलच्या आधी पाऊस आला, तेव्हा दारातून आलेल्या पट्ट्यावरून पाणी ओघळत थेट बायकोच्या मांडीवर! तिनं पट्ट्याला रुमाल गुंडाळला, माझ्याशी मात्र पुढं बराच वेळ बोलली नाही.

हायवे 60 पार्कमधून 56 किलोमीटर जातो. कॅनू लेकचा फाटा वेस्ट गेटपासून चौदाव्या किलोमीटरला. सोडायला पाच मिनिटं, बांधायला पाऊण तास लागला होता.

तळं सुंदरच. पण 'जो लेक' या पुढच्या तळ्याकडे जायचं तर मध्ये धरण, आणि सुमारे 300 मीटर कनू वाहून न्यायची. आता टप माझा! आतल्या जोखडाखाली खांदे घातले, तर पावलांपुरतीच वाट दिसत होती. मागून बायको सांगत होती, "डावीकडे... अरे, तुझं डावं!"