टोपी क्रमांक ५, आणि अथणीच्या वाटेवरची तुरुमती

शिकारी पक्ष्याचे डोळे झाकायची कातडी टोपी बनवायला मी शिकतोय. चौथी टोपी फसली, इथवर मागच्या नोंदीत लिहिलं होतं. साच्यावर ताणलेलं ओलं कातडं सुकून उतरवलं, तर डोळ्यांवरचे फुगे पार बसलेले. पक्ष्याच्या डोक्यावर ती चढली असती तर कातडं थेट बुबुळाला टेकलं असतं. टोपीत याहून मोठी चूक नाही. कारण शोधण्यात आठवडा गेला. बेळगावच्या उद्यमबागेत मी पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठीचे नमुने, बनवतो. ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा वाढवून धरायचा, हे वीस वर्षांत हातात मुरलंय. कातडंही आकसतं, हे मात्र सुचलं नव्हतं. आता सागवानाचा नवा साचा कोरलाय, डोळ्यांच्या जागी दीड मिलिमीटर जास्त फुगवटा ठेवून.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगतो. माझ्याकडे पक्षी नाही आणि कधी येणारही नाही. ससाणे, शिक्रे, गरुड यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना पकडणं, पाळणं गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा, असं मला मनापासून वाटतं. मी बाजदारीची, म्हणजे शिकारी पक्षी शिकवून त्यांच्याकडून शिकार करवण्याच्या कलेची, अवजारं बनवायला शिकतो, तिचे शब्द गोळा करतो आणि सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन रानातले पक्षी बघतो. एवढ्यात आयुष्य पुरेल असं काम आहे.

सुरुवात शहापुरात आजोळच्या माळ्यावर झाली. चौथीत होतो. एक जुनं पुस्तक सापडलं, त्याचं मुखपृष्ठ आणि पहिली पानं गेलेली, त्यामुळे नाव आजही माहीत नाही. मधल्या एका चित्रात एका मुलाच्या मुठीवर ससाणा बसलेला, आणि ससाण्याचे डोळे तुरा लावलेल्या टोपीनं झाकलेले. मला वाटलं, त्याला शिक्षा केलीय. आजीला विचारलं तर ती म्हणाली, ‘शिक्षा कसली, झोपवलं असंल त्याला.’ आजीनं आयुष्यात बाजदार पाहिला नव्हता, पण ती बरोबर होती. ससाण्याचं सगळं जग डोळ्यांतून आत येतं. आपल्या डोळ्यात तीक्ष्ण नजरेचा एक बिंदू असतो, त्याच्या प्रत्येक डोळ्यात दोन. माणूस, कुत्रा, मोटार, जे दिसेल त्यानं तो बिचकतो आणि फडफडून पिसं मोडून घेतो. अंधार झाला की शांत होतो. टोपी ही त्याची विश्रांती आहे.

दुसरं कोडं सुटायला जास्त वर्षं लागली. मोकळा सोडलेला पक्षी परत का येतो? ‘घार उडते आकाशी, चित्त तिचे पिल्लापाशी’ हे कानावर असल्यामुळे मी धरून चाललो होतो की तो मायेनं येत असणार. तसं नाही. तो भुकेनं येतो. बाजदार रोज वजन करतो. शिक्रा जेमतेम दीड-दोनशे ग्रॅमचा, त्यात चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी त्याचं वागणं बदलतं. जास्त भरला तर झाडावर बसून राहील, जास्त उतरवला तर जिवाशी गाठ. आणि एवढं सांभाळूनही प्रत्येक उड्डाणाला निघून जायची मुभा त्याला असतेच. हे कळल्यावर माझी ओढ वाढली.

या थंडीत जुन्या पोथ्यांकडेही वळलो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, राज्यकाळ ११२६ ते ११३८, त्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोद, म्हणजे ससाण्यांकरवी शिकार, येतो. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. ग्रंथ संस्कृत, राजा कन्नड मुलखाचा, आणि त्यातल्या गीतांत मराठी ओळीही सापडतात. बेळगावात वाढलेल्याला हे वाचून घरचं काहीतरी हाती लागल्यासारखं होतं. पुढच्या काळातल्या हिंदुस्थानी बाजदारांनी पक्ष्यांची वाटणी डोळ्यांच्या रंगावरून केली: पिवळ्या डोळ्यांचे गुलाबचश्म, काळ्या डोळ्यांचे सियाहचश्म. शिक्रा पहिल्यात, बहिरी ससाणा आणि तुरुमती हा छोटा ससाणा दुसऱ्यात. दुर्बिणीतून बघताना मी आता आधी डोळा बघतो.

पाचव्या टोपीच्या कातड्यासाठी जानेवारीत अथणीला गेलो. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव जिल्हाही आहे. अथणी तर त्या कामाचं मोठं गाव. तिथल्या एका चपला करणाऱ्या काकांनी माझा कागदी आराखडा उलटसुलट करून पाहिला.

‘हे कुठल्या पायाचं म्हणायचं हो अण्णा? लेकराचं काय?’

‘पायाचं नव्हे काका, डोक्याचं. पाखराच्या.’

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. तळव्याचं म्हशीचं कातडं बाजूला सारलं आणि शेळीचं पातळ कातडं काढलं. रापी, म्हणजे कातडं कापायची सुरी, जवळजवळ आडवी धरून कड अशी तासली की दोन थर एकावर एक आले तरी बोटाला जोड लागेना. मी हे चार टोप्यांत जमवू शकलो नव्हतो. तीन वेळा करून दाखवलं, चौथ्यांदा रापी माझ्या हातात दिली. पक्ष्याच्या पायात बांधायच्या कातडी पट्ट्याही कापून दिल्या.

येताना रायबागच्या अलीकडे शाळूच्या रानाकडेला थांबलो होतो. बाभळीवर एक पक्षी, विटकरी डोकं, पोटावर बारीक आडव्या रेघा. तुरुमती! दुसरी मागच्या विजेच्या तारेवर. ही जोडीनं शिकार करतात हे वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. पहिली खाली झेपावून पिकाच्या टोकांवरून सरळ गेली, एक चंडोल उठला, आणि तो वर चढतोय तोवर तारेवरची त्याच्यावर होती. एक चिमूटभर पिसं हवेत राहिली. मी घड्याळ बघायचंही विसरलो, म्हणून नोंदवहीत वेळ नाही.

टोपीची हकिगत अशी. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बत्ती आत धरून तपासली. मागच्या मिटणीपाशी केसाएवढी उजेडाची रेघ होती. मागच्या बंदाचं एक भोक दोन मिलिमीटर सरकवल्यावर ती गेली. चोचीची फट थोडी मोठी केली, कारण न पचलेल्या पिसाहाडांची गोळी पक्ष्याला टोपीतूनही ओकता आली पाहिजे. बंद ओढून मिटतात आणि सुटतात. हे एका हातानं आणि दातांनी करायचं असतं, दुसऱ्या हातावर पक्षी असतो. पन्नासदा केल्यावर आता न बघता जमतं.

पक्ष्याच्या पायात बांधायच्या घुंगरांचं घोडं अजून अडलंय. लाहोरची घुंगरं एकेकाळी नावाजलेली होती. जोडीतल्या दोघांच्या स्वरात अर्ध्या सुराचा फरक ठेवायचा, म्हणजे आवाज लांबून ओळखू येतो. गणपत गल्लीत मिळालेली सगळी जड निघाली आणि एकाच सुरात वाजली. कुणाला पातळ पत्र्याची घुंगरं ठोकणारा कारागीर माहीत असेल तर जरूर सांगा.

तुरा शेवटी बांधला, कोंबडीच्या पिसांचा. रानात पडलेलं शिकारी पक्ष्याचं पीस मी घरी आणत नाही. चित्रातला तुरा शोभेचा असावा असं मी इतकी वर्षं समजत होतो. टोपी काढताना दोन बोटांनी धरायची ती जागा हीच. काल रात्री साच्यावरून टोपी तशी उचलली. ती सहज, कुठंही न अडकता सुटली.