तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांनी आपसात करार करून राज्य आणलं म्हणतात, तो करार झाला कधी?

कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो तेव्हा सामाजिक कराराचा सिद्धांत आला की मागच्या बाकावरून हा प्रश्न ठरलेला. निवृत्तीनंतरही सुटका नाही. परवा गल्लीतल्या यंत्रमागवाल्याने घरपट्टीचं बिल नाचवत विचारलं, "सर, लोकांनी करार करून राज्य आणलं म्हणताय. मी कुठं सही केलोय?"

नाही केली. कुणीच केली नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणायचा, राज्याच्या रस्त्यावरून नुसतं चाललात तरी ती मूक संमती. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली त्याची खिल्ली उडवली: झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाला कप्तान मान्य आहे असं म्हणणार का? नको असेल तर समुद्रात उडी टाकायला तो मोकळा आहेच की! आमचा यंत्रमागवाला अर्थात ह्यूमच्या पार्टीचा.

आपल्याकडेही ही गोष्ट आहे. मत्स्यन्यायाने, म्हणजे मोठ्या माशाने धाकट्याला गिळण्याने, गांजलेल्या लोकांनी मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा, मालाचा दहावा हिस्सा देऊ केला. गंमत अशी की कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ती हेरांच्या तोंडी आहे. त्यांनी चारचौघांत लुटुपुटीचा वाद घालायचा आणि राजाविषयी कुरकुरणाऱ्यांना ती ऐकवायची. करवसुलीसाठी इतकी प्रामाणिक कबुली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जचं तसं नव्हतं, तो खरोखर घाबरलेला होता. इंग्लंडमधल्या यादवीत राजाचं मुंडकं उडालं आणि १६५१ साली त्याचं 'लेव्हायथन' हे पुस्तक आलं. वर धाक नसेल तर, म्हणजे निसर्गावस्थेत, प्रत्येकाची प्रत्येकाशी लढाई, आणि आयुष्य एकाकी, दरिद्री, ओंगळ, पाशवी नि अल्प. सगळ्या जगात कधीकाळी असंच होतं, असा त्याचाही दावा नव्हता. राज्य काढून घेतलं तर मागे काय उरेल, एवढंच त्याला विचारायचं होतं.

आणि इथे मी पोरांना आमच्या सोलापूरच्या चार हुतात्मा चौकात न्यायचो. मे १९३०. गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं. ८ तारखेला पोलिसांनी गोळीबार केला, जमावाने पोलीस मारले, कोर्टाला आग लावली. मग इंग्रजांची सत्ता शहरातून निघूनच गेली. ९, १०, ११ मे. सरकार नाही, पोलीस नाही. हॉब्जच्या हिशेबाने दुकानं लुटली जायला हवी होती. पण त्या दिवसांत काँग्रेसचे स्वयंसेवक रहदारी आणि बंदोबस्त सांभाळत होते, असं इथल्या जुन्या घरांतून अजून सांगतात.

लॉकने सरकार मोडणं आणि समाज मोडणं वेगळं धरलंय. पुस्तकात ते वाक्य पोरांच्या डोक्यावरून जायचं, चौकात लगेच कळायचं. पण एकदा एका पोरीने मला अडवलं. "सर, लोक स्वयंसेवकांचं ऐकत होते ना? मग ही निसर्गावस्था कसली? सरकारच की दुसरं." बरोबर होतं तिचं. त्या वर्षीपासून मी माझी टिपणं बदलली.

१२ मे रोजी लष्करी कायदा आला. पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले.

यंत्रमागवाल्याने हे सगळं ऐकून घेतलं, बिलाची घडी करून खिशात घातली. म्हणाला, "त्या तीन दिवसांत घरपट्टी कोण गोळा केलं, तेवढं सांगा की सर."